मंगळवारचा नाच, तिसरी घंटा

बुधवार, १५ मार्च
बाजारचौक, थेल्बी

नॉर्मन,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग खोडलं. खोडलेलं तुला दिसावं म्हणूनच नवा कागद घेतला नाही.

देवळाच्या दारावरची तुझी नोटीस वाचली. खरं तर वाचायच्या आधीच कळली. कसायाच्या दुकानात जॅनिसने सॉसेज बांधता बांधता सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं ब्रेंडा, तुला घंटांवरून काढलं म्हणे?" रांगेत पाच माणसं होती. पाचही जणांनी एकदम छताकडे बघितलं.

म्हणून जाऊन बघितलं. 'बाजाराच्या सनदेला सातशे वर्षं पूर्ण होत असल्याने २४ जूनला सेंट ऑसविनच्या घंटा वाजवणारे', आणि खाली सहा नावं. सहावी, मोठी घंटा, नॉर्मन ॲशपोल, कप्तान. तिसरी, कॉलिन.

कॉलिन! बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली त्याला, आणि अजून दोर असा धरतो जणू गाय लाथ मारणार आहे. मी अकरा वर्षांची होते तेव्हा आपल्या डॅडने मला सफरचंदांच्या खोक्यावर उभं करून तिसरीचा दोर हातात दिला. त्याला पंचावन्न वर्षं झाली. तेव्हापासून वर्तुळात मी तिसरीवर आणि तू सहावीवर, बरोब्बर समोरासमोर. तुझ्या लग्नाला तू स्वतः नवरा होतास म्हणून नव्हतास, एवढाच काय तो खाडा. माझा टेड गेला त्या आठवड्यातही मी मंगळवारी सरावाला आले होते. आठवतंय?

कारण काय दिलंस, तर 'सलग आठ मंगळवार गैरहजर'. मला सर्दी झाली होती, मी कळवलं होतं. त्यावर तू ऑड्रीला म्हणालास, "आठ आठवडे सर्दी घोड्यालासुद्धा होत नाही. बाई मंगळवारी देवळाच्या सभागृहात पोट हलवत असते." तुझी बायको खोटं बोलत नाही, तेव्हा तू हे म्हणालास.

हो, हलवते. लपवायचं काय त्यात? दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसते ना ती लॉरेन, ती शिकवते. कैरोत बारा वर्षं संसार केलाय तिने, हे शिक्षण तिने सासूकडून घेतलंय. आम्ही सात जणी आहोत. आणि गावात जे चाललंय की उघडी पोटं वगैरे, तर सांगते, फेब्रुवारीत त्या सभागृहात श्वासाची वाफ दिसते. माझ्या पोटावर बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर टेडचा कार्डिगन होता. एवढ्या थरांखाली पोट हललं की नाही हे माझं मलाच कळत नव्हतं.

मंगळवारच का, असं विचारशील. कारण त्या वेळेला तुम्ही वर घंटा बडवत असता, म्हणून ते सभागृह दुसरं कुणी घेत नाही. दुसरा दिवस मिळाला असता तर मी घेतला असता.

तुझ्या दारापासून माझ्या दारापर्यंत चाळीस पावलं आहेत. नोटीस चिकटवायला देवळापर्यंत दोनशे चाललास. उलट्या दिशेला चाळीस चालला असतास तर मी चहा केला असता.

ब्रेंडा

*

गुरुवार, ६ एप्रिल

कप्तान ॲशपोल यांस,

तुमचं टंकलिखित पत्र मिळालं. तीन ओळी! सख्ख्या बहिणीला 'श्रीमती टर्नर' म्हणून लिहिणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. आपण एका टबात आंघोळ केलेली आहे नॉर्मन, आणि साबण नेहमी तू खायचास.

सभागृहाची किल्ली तुझ्याकडे, म्हणून तू वर्ग बंद केलास. तेही सहन केलं असतं, पण दिलेलं कारण वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'कमरपट्ट्यांवरील नाण्यांच्या आवाजामुळे मनोऱ्यातील सरावात व्यत्यय येतो.'

शांतपणे विचारते. तुझ्या डोक्यावर सहा घंटा आहेत. एकट्या मोठीचं वजन भरल्या गाडीएवढं. त्या वाजल्या की नदीपलीकडच्या गायी माना वळवतात. त्या गोंगाटात, दोन मजले खालच्या बंद खोलीतली, पत्र्याची, माझ्या बोटाच्या नखाएवढी नाणी तुला ऐकू येतात? धन्य तुझे कान!

ती नाणी माझ्याच दुकानातली आहेत. तीस वर्षं मी दर गुरुवारी त्या चौकात बटणं, फिती आणि लोकर विकते. सात पट्टे मीच शिवले, प्रत्येकावर ऐंशी नाणी. शिवताना बोटं सोलली. आता ते सात पट्टे माझ्या स्वयंपाकघरात खुंटीला लटकताहेत आणि मी येता-जाता त्यांना धक्का लागला की ते वाजतात. प्रत्येक वेळी मला तुझं तोंड आठवतं.

काल आमच्या वर्गातली प्रू तुझ्याकडे आली होती ना? तिने चोवीस वर्षं न्यायासनावर बसून चोरांना शिक्षा दिल्या आहेत, तिला आवाज चढवायची सवय नाही. परत येऊन म्हणाली, "तुझा भाऊ माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. मी बोलून झाल्यावर म्हणाला, नियम म्हणजे नियम. मी नियमाबद्दल काही बोललेच नव्हते, ब्रेंडा. मी फक्त पावसाबद्दल बोलले होते."

म्हाताऱ्या बाईचं बोलणं ऐकून घेण्याइतकीही सभ्यता उरली नाही तुझ्यात.

लॉरेनचा चेहरा पाहवत नव्हता. ती म्हणाली, "जाऊ दे. कैरोत सासू म्हणायची, चांगल्या घरच्या मुली नाचत नाहीत, आणि रोज दुपारी दार लावून आम्हाला नाचवायची. तुमच्या गावाला तर दार लावूनही चालत नाही."

आम्ही बंद करणार नाही आहोत. तुझ्या माहितीसाठी.

ब्रेंडा टर्नर (माहेरची ॲशपोल, आवडो न आवडो)

*

बुधवार, १० मे

नॉर्मन,

उत्तर नाही. ठीक आहे. मग ऐक आमचं कसं चाललंय, कारण आमचं फार छान चाललंय.

जुन्या गुरांच्या बाजारातला लिलावाचा गोल आठवतो? जिथे डॅड आपल्याला गोऱ्हे बघायला न्यायचे, मधे रेती आणि भोवती चढत्या लाकडी पायऱ्या. प्रूने लिलाववाल्याला एक पत्र लिहिलं आणि त्याने दुसऱ्या दिवशी झाडून दिला. मंगळवारी सात वाजता. कोपऱ्यात जनावरांचा वजनकाटा अजून आहे. पहिल्याच दिवशी जॅनिस त्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्यावर बोली कोण लावतंय?" आम्ही इतक्या हसलो की लॉरेनला ढोल खाली ठेवावा लागला.

माझं मात्र अडत होतं. कारण तुला कळेल, दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. मी मोजते. एक दोन तीन चार पाच सहा, मग दोन एक चार तीन सहा पाच, या फेरीला माझी जागा कोणती, मी कुणाच्या मागे. पंचावन्न वर्षं हेच केलं. ढोल सुरू झाला की ओठ हलायला लागतात. लॉरेन समोर येऊन उभी राहिली.

"काय पुटपुटतेस?"

"मोजतेय."

"कशाला?"

"नाहीतर मला कसं कळणार कधी हलायचं ते?"

"ऐकून," ती म्हणाली. "वरचं अंग अगदी स्थिर ठेव. डोक्यावर पाण्याची घागर आहे समज. हात हातांचं काम करू देत. बोलायचं ते फक्त कमरेने. ढोलाने प्रश्न विचारला की उजवी कंबर खाली टाकायची, बस्स. तेच उत्तर."

तीन आठवडे रेतीत उभी राहून मी उत्तरं चुकवली. काल एकदम जमलं. हात वर, मान सरळ, आणि खाली कंबर आपली आपण ठेका धरून पडतेय. ऐंशी नाणी एका क्षणी. प्रू न्यायाधीशाच्या आवाजात म्हणाली, "दोषी." नॉर्मन, मला इतकं हलकं टेड गेल्यापासून वाटलं नव्हतं.

सनदेच्या दिवशी आम्ही चौकातल्या बटरक्रॉसच्या दगडी चौथऱ्यावर नाचणार आहोत. नगरसभेने साडेअकराची वेळ दिली आहे, तुमच्या घंटा झाल्या की लगेच. तुझ्या परवानगीची गरज लागली नाही.

आता मुख्य मुद्दा. गेल्या गुरुवारी तू माझ्या दुकानासमोरून गेलास. मी हाक मारली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा इतक्या जोराने की चीजवाल्याने सुरी खाली ठेवली. तू सरळ पुढे गेलास, मान न वळवता. भर बाजारात मला तोंडघशी पाडलंस. लोक माझ्याकडे न बघता इतके सभ्यपणे बटणं निवडायला लागले की मला ओरडावंसं वाटलं.

आणि तो टीव्ही. चौकाच्या या बाजूला मला हवामानाचा अंदाज शब्द न् शब्द ऐकू येतो. मी स्वयंपाकघरात ढोलाची टेप लावते म्हणून तू मुद्दाम करतोस, मला कळत नाही असं समजू नकोस. ऑड्री फिती घ्यायला आली होती तेव्हा मी तिला सुनावलं. ती काहीतरी बोलणार होती, मग लाल फीत उचलून म्हणाली, "ही धुतल्यावर रंग सोडते का गं?" तुझ्या घरात राहून तीही तुझ्यासारखी झाली आहे.

ब्रेंडा

*

गुरुवार, २२ जून

नॉर्मन,

आज अर्नेस्टला निरोप दिला. ब्याण्णव वर्षांचा माणूस, त्यातली सत्तर वर्षं दोरावर. मी शेवटच्या बाकावर बसले होते, वर तुम्ही सहा जण.

दबक्या घंटा वाजल्या. कातडी टोप्या कुणी बांधल्या? सहाही टोप्या मी शिवलेल्या आहेत, वाद्या आणि बकल माझ्या दुकानातले. तीस वर्षं प्रत्येक अंत्ययात्रेआधी मी शिडीने घंटांपाशी चढून प्रत्येक लोलकाच्या एकाच अंगाला टोपी बांधली आहे, म्हणजे एक टोला खणखणीत पडतो आणि दुसरा मेलेल्या माणसाने उत्तर द्यावं तसा लांबून येतो. आणि दुसऱ्या दिवशी चढून सहाही काढल्या आहेत. आज कुणीतरी दुसरं चढलं. कॉलिनच असणार, कारण तुझे गुडघे शिडी चढत नाहीत.

बाहेर पडताना अर्नेस्टच्या बायकोने माझा हात धरला. "ब्रेंडा, तू का नव्हतीस वर? तो विचारायचा, तिसरी वेगळी का वाजते आजकाल."

मी काय सांगणार होते? तू चार हातांवर उभा होतास. तुझ्याकडे बघितलं. तू दगडासारखा उभा, तोंडावर तो अंत्ययात्रेचा चेहरा. तिने तुलाही विचारलं, तू म्हणालास, "फार चांगला माणूस होता." प्रश्नाचं उत्तर टाळायची ही रीत तू कुठून शिकलास?

तर आता मीच सांगते, आणि हे सांगायला मला मरणाची लाज वाटते आहे.

सर्दी नव्हती. जानेवारीत माझा डावा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. केस विंचरता येईनात, मग घंटेचा दोर कुठला? दवाखान्यातल्या मुलीने गोल गोल हात फिरवायला सांगितले, कंटाळा येऊन मी रडायचे. मी दाढ दाखवायला गेले असताना लॉरेनने बघितलं, मला कोट घालता येत नव्हता. म्हणाली, माझ्या वर्गाला ये, आमच्यात हात सापासारखे वर जातात, हळूहळू जातील. आणि गेले. मे महिन्यात तो हात कानाला लागला. मी तिथे पोट हलवायला गेले नव्हते नॉर्मन. मी सनदेच्या दिवशी तिसरी वाजवता यावी म्हणून गेले होते.

तुला का नाही सांगितलं? कारण तू म्हणाला असतास, "वय झालं ब्रेंडा, बस आता." तो एक शब्द मला तुझ्या तोंडून ऐकायचा नव्हता. त्याऐवजी मी तुला मला नाचरी बाई समजू दिलं. नंतर मला नाच आवडायला लागला, हेही खरं आहे.

कॉलिनला टोप्यांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली आहे. राहू दे. तुमचं तुम्ही बघा.

ब्रेंडा

*

रविवार, २५ जून

नॉर्मन,

हे पत्र एकट्याने वाच. ऑड्री जवळ असेल तर तिला बाजारात पाठव.

काल साडेदहाला घंटा सुरू झाल्या तेव्हा मी बटरक्रॉसच्या पायरीवर उभी होते, अंगात जांभळा पोशाख, कमरेला पट्टा, खांद्यावर टेडचा कार्डिगन. चौकात दोन-तीनशे माणसं. पहिल्याच फेरीत कळलं. एक, दोन, आणि तिसरी नाही. पुढच्या ठोक्याला तिसरी आहे. मग पुन्हा नाही. तिसरीच्या लोलकावर टोपी राहिली होती.

मला ठाऊक होतं. हे मी कबूल करते. तिसरी मोठ्या तुळईमागे टांगलेली आहे, वाकून जावं लागतं, तिथे कबुतरं आहेत आणि कॉलिन कबुतरांना भितो. तो पाच टोप्या काढून उतरणार हे मला गुरुवारी दिसत होतं. कागदावर लिहिलंही होतं, मग तो कागद फाडून दुसरा घेतला. मला वाटलं, वाजू दे एक फेरी चुकीची. नॉर्मन ओरडेल "थांबा", सगळ्या गावासमोर फजिती होईल, आणि मग येईल चाळीस पावलं चालत.

तू ओरडला नाहीस.

एक फेरी झाली, दहा झाल्या. लोक कपातला चहा ढवळायला लागले. प्रत्येकाला ऐकू येत होतं. सेंट ऑसविनची तिसरी म्हणजे ब्रेंडा, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि तिसरी मेलेल्यासारखी वाजतेय. चीजवाला माझ्याकडे बघून पांढरा पडला. "तू... बरी आहेस ना?" मिस प्रिचर्ड अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, त्यांनी तर चौकशीही केली नाही. घरी परतल्यावर मला दारात लिंबाचा केक आणि काळ्या काठाचं शोकाचं कार्ड सापडलं. 'तिची बटणं नेहमी योग्य मापाची असत.' मी तो केक खाल्ला. चांगला होता.

पण कुणी एक माणूस देवळात जाऊन सांगेना. म्हणे कप्तानाने काहीतरी ठरवूनच केलं असेल. वर तुझे पाच जण, त्यांच्या कानावर तर ती घंटा आदळत होती! तेही वाजवत राहिले, कारण "थांबा" फक्त कप्तान म्हणतो आणि कप्तान काही म्हणत नाही. पंचेचाळीस मिनिटं. असं फक्त आपल्याकडेच होऊ शकतं.

मग मी चढले. अठ्ठ्याहत्तर पायऱ्या, त्या पोशाखात, प्रत्येक पायरीला छन् छन्. मनात शिव्या तयार होत्या, नॉर्मन, एकेक निवडून ठेवलेली. दार ढकललं. दोन हातांवर तुझी पाठ. कॉलिनने मला बघितलं, त्याचा दोर जवळजवळ सुटला. पाचही जणांनी बघितलं. मी म्हटलं, "नॉर्मन." मग मोठ्याने म्हटलं. मग जागच्या जागी कंबर हलवली, ऐंशी नाणी, बंद दगडी खोलीत. ती तुझ्या सरावात व्यत्यय आणणारी नाणी.

तुझी मानही हलली नाही. तू समोरच्या दोरांकडे बघत होतास, एकटक, ओठ हलवत. मोजत.

शिव्या तशाच घेऊन मी खाली आले.

किती दिवसांपासून? एक वर्ष? दोन? प्रूच्या तोंडाकडे टक लावून बघत होतास. गुरुवारी माझ्या तीन हाका. टीव्ही. अर्नेस्टच्या बायकोला दिलेलं ते भलतंच उत्तर. मी तीन महिने तुझ्या उर्मटपणाचा हिशेब मांडत होते आणि तुला फक्त ऐकू येत नव्हतं.

आणि आता कळतंय तू मला का काढलंस. आठ मंगळवार नव्हे, पोट नव्हे. वर्तुळात तुझ्या समोर मी असते. मोठी उशिरा पडायला लागली तर कॉलिनला कळणार नाही, वर वाजवणाऱ्या त्या पोरींना कळणार नाही, मला कळेल. हिवाळ्यातच कळू लागलं होतं, मला वाटलं तुझे गुडघे. मी येत नाही म्हटल्यावर तुझा जीव भांड्यात पडला असेल! मग तो तसाच भांड्यात राहावा म्हणून तू गावाला सांगितलंस की तुझी बहीण पोट उघडं टाकून नाचते. लॉरेनला रस्त्यावर काढलंस. यासाठी मी तुला माफ करत नाहीये. लक्षात ठेव. मी आता रडतेय ते वेगळ्या कारणासाठी, आणि लिहिताना टेबलावर मूठ आपटतेय ती तुझ्यासाठी.

काल पबमध्ये काय झालं तेही ऐक, तू लवकर निघून गेलास. कॉलिन पांढराफटक होता. म्हणाला, "मी टोपी विसरलो, आणि कप्तान काहीच बोलला नाही. का बोलला नाही?" कुणीतरी आता खरं ओळखणार, हे मला दिसलं. मी ग्लास ठेवला आणि म्हटलं, "अर्नेस्टसाठी. नॉर्मनने एक टोपी मुद्दाम ठेवायला लावली. उत्सवाच्या दिवशीही एक घंटा त्याची आठवण काढेल म्हणून." मग अर्नेस्टच्या बायकोने तोंडाला रुमाल लावला. आज सगळं गाव तुझ्या मोठ्या मनाचं कौतुक करतंय. व्हिकारने प्रवचनात घातलंय. याचा मला किती भयंकर राग येतोय, कल्पना नाही तुला.

नाचलो आम्ही. विचारलं नसलंस, तरी सांगते. लोक हात मांडीवर ठेवून अगदी शांत बसले होते, लॉरेनला वाटलं आवडलं नाही. मग संपल्यावर एकेक जण येऊन म्हणाला, "छान होतं हं." जॅनिसच्या नवऱ्याने तिला मिठी मारली, चौकात, दिवसाढवळ्या. असं आपल्याकडे युद्ध संपलं तेव्हा शेवटचं झालं असेल.

आता माझ्या अटी.

सभागृहाची किल्ली परत हवी. लॉरेन वर्ग सहा वाजता घेईल, मी तिच्याशी बोलले आहे. साडेसातला मी वर येईन, तिसरीवर. कॉलिनला पाचवीवर आळीपाळीने घे, तो बिचारा सुखी होईल. आणि तू कान तपासून घ्यायचे. ऑड्रीला सगळं माहीत आहे, आता कळलं ती त्या लाल फितीबद्दल का विचारत होती. ती घेऊन जाईल तुला.

यंत्र मिळेपर्यंत, आणि यंत्राने भागलं नाही तर त्यानंतरही, माझ्याकडे बघायचं. दोरांकडे नाही. मी समोर असेन. हात दोरावर, मान सरळ, आणि तुझा टोला जिथे पडायला हवा तिथे माझी उजवी कंबर खाली पडेल. उशीर झाला की ती आधी पडलेली दिसेल, घाई झाली की नंतर. वरचं अंग हलणार नाही, बाकीच्यांना कळणार नाही. तेवढं आता मला येतं. ज्याला तू पोट हलवणं म्हणतोस ना, ते.

हो म्हणायचं असेल तर किल्ली आण.

ब्रेंडा

*

सोमवार, ३ जुलै

नॉर्मन,

सकाळी नऊ वाजता पत्रपेटीच्या फटीतून किल्ली आत पडली. सोबत चिठ्ठी नाही.

मी दाराच्या आतच उभी होते. पट्टा बांधून सराव चालला होता. काचेतून तुझी टोपी दिसली. मला वाटलं, तू घंटी वाजवशील. वाजवली नाहीस. वाटलं, लाज वाटत असेल. म्हणून मी घरात आहे हे तुला कळावं म्हणून जोरात एक झटका दिला, ऐंशीच्या ऐंशी नाणी, आणि ओरडले, "अरे ये ना आत, किटली ठेवलीय!"

तू वळलास आणि निघून गेलास. मी खिडकीतून बघत होते, चाळीस पावलं, एकदाही मागे न बघता. मी तुला जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही. किटली आपटली. कोणत्या तोंडाने हा माणूस, एवढं झाल्यावर, मी हाक मारतेय आणि हा...

मग जिन्याच्या पायरीवर बसले. तुला ऐकू येत नाही हे मीच तुला आठ दिवसांपूर्वी लिहिलं होतं.

सवय लागायला मला वेळ लागेल, नॉर्मन. पंचावन्न वर्षं मी तुला हाक मारून बोलावलंय. तेव्हा मधे मधे मी चिडेन, आधीच सांगून ठेवते. चिडणं माझ्याच्याने सुटायचं नाही, पण येत जाईन समोर.

उद्या मंगळवार. सहाला नाच, साडेसातला घंटा. मी पट्टा न सोडताच वर येईन. दाराकडे पाठ करून उभा राहू नकोस.

तुझी,
ब्रेंडा